सीलबाई फितूर झाल्या

प्रयोगशाळेत त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. तोंडावर मॅडम, आणि पाठ वळली की सीलबाई. पोलीस ठाण्यातून नमुन्यांची पेटी घेऊन शिपाई खिडकीशी आला, की बाई कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायच्या आणि लाखेचा एकेक ठसा असा निरखायच्या, जणू त्यात कुणीतरी आपल्याला शिवी लिहून पाठवली आहे. ठसा अर्धवट उमटला असला, दोऱ्याची गाठ सैल असली, की पेटी परत.

"अहो मॅडम, सकाळपासून बसमध्ये उभा राहून आलोय."

"मग आता बसून जा."

बाईंचं काम म्हणजे माणसाच्या शरीरात काय गेलं होतं ते शोधणं. बरण्यांमधून जठराचे, यकृताचे तुकडे यायचे, बाटल्यांमधून रक्त. सोबत एक कागद असायचा आणि त्यावर घरच्यांनी सांगितलेली हकीकत. जेवल्यावर पोटात दुखलं. झोपेत गेले. काही घेतलं नव्हतं हो, देवमाणूस होता. बाई तो कागद वाचायच्या आणि हुं करायच्या. मग बरणीतून पिकांवर फवारायचं औषध निघायचं, नाहीतर झोपेच्या गोळ्यांचा आख्खा पट्टा. इतकी वर्षं हे पाहून त्यांचं मन विटलं होतं. दुःखात असलेल्या माणसाचं बोलणं आधी खोटं धरायचं आणि मग तपासायचं, अशी सवयच जडली होती. त्यांचं लग्न झालं होतं, टिकलं नव्हतं. "तुझ्या हाताला मेलेल्यांचा वास येतो," असं नवरा एकदा जेवताना म्हणाला. बाईंनी ताट उचललं, हात धुतले, बॅग भरली आणि वडिलांकडे राहायला आल्या त्या आल्याच.

वडील मालधक्क्यावर हिशेबनीस होते, आता थकले होते. घर दुसऱ्या मजल्यावर. समोरच्या दारात एक विधवा बाई आणि तिचा मुलगा राहायचे. मुलाला सगळी इमारत बबड्या म्हणायची. चांगला सहा फूट उंच, औषध कंपनीत नोकरीला लागलेला, तरी बबड्याच. तो संध्याकाळी यायचा, बाबांशी बुद्धिबळ खेळायचा, मुद्दाम हरायचा आणि बाबा जिंकल्याच्या आनंदात त्याला दाण्यांच्या लाडवांची वाटी पुढे करायचे. तो नको म्हणायचा.

समोरचीशी मात्र सीलबाईंचं जमत नव्हतं. निमित्त चपलांचं कपाट. समोरचीनं ते दोन दारांच्या मध्ये ठेवलं होतं, आणि बाईंच्या मते ते त्यांच्या अर्ध्या बाजूला सरकत होतं. बोलाचाली झाली, मग बाईंनी इमारतीच्या कमिटीकडे लेखी तक्रार केली. कपाट हललं नाही, पण दोघींचं बोलणं बंद झालं.

अशातच बबड्याचं लग्न ठरलं. मुलगी दुसऱ्या गावची, शिकलेली, मोठ्या घरातली. समोरचीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. मग एक दिवस कानावर आलं, की बबड्या होणाऱ्या सासुरवाडीहून गाडीनं परत येत होता आणि वाटेत अपघात झाला. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. सायकलवरून घरी निघालेला एक रखवालदार जागच्या जागी गेला. "तोच मध्ये आला," असं समोरची जिन्यात सांगत होती. बाईंनी दार लावून घेतलं. लोक अपघाताबद्दल काय सांगतात ते त्यांना पाठ होतं.

पुढे काही आठवड्यांनी त्यांच्या टेबलावर एका चालकाचं रक्त आलं. बाटलीवर फक्त क्रमांक होता, तसाच असतो. लाख ठीक, गाठ ठीक, आणि लेबलवर छापलेलं: रक्त टिकवणारी पावडर घातली आहे. बाईंनी रोजच्यासारखं काम केलं. थोडं रक्त छोट्या बाटलीत घालून बूच घट्ट बसवायचं, बाटली तापवायची, वर जमलेली वाफ केसासारख्या बारीक आणि लांबलचक नळीतून सोडायची. वाफेतली प्रत्येक गोष्ट आपापल्या वेळेला नळीच्या टोकाशी पोचते आणि मशीन कागदावर तिचं टेकाड काढतं. दारूचं टेकाड कुठे येतं ते बाईंना डोळे मिटून ठाऊक होतं. या कागदावर ते चांगलं उंच होतं. शेजारी आणखी एक बुटकं टेकाड होतं, ॲसिटोनचं. बाईंनी ते पाहिलं. पोलिसांनी विचारलं होतं दारूचं. त्यांनी दारूचं उत्तर लिहिलं, सही केली आणि पुढची बाटली घेतली.

साक्षीचं समन्स आलं तेव्हा आरोपीचं नाव वाचूनही डोक्यात काही पेटलं नाही. शेजारच्या पोराचं कागदावरचं नाव कुणाला माहीत असतं? कोर्टात पिंजऱ्याच्या शेजारून जाताना त्यांनी मान वर केली आणि समोर बबड्या, हात झोळीत बांधलेला. मागच्या बाकावर त्याची आई. तिनं सीलबाईंना पाहिलं आणि तिचा चेहरा असा झाला, की बाईंना साक्षीदाराच्या जागी जाईपर्यंत पाठीला तिची नजर टोचत राहिली.

सरकारी वकिलांचं पाच मिनिटांत आटोपलं. दारू होती? होती. किती? एवढी. ठीक.

मग बबड्याचा वकील उठला. गुळगुळीत दाढी, आवाजात तूप.

"बाई, आरोपीच्या आईविरुद्ध तुम्ही तक्रार केली होती ना?"

"चपलांच्या कपाटाची."

"कशाची का असेना. वैर होतं."

"मला बाटलीवर फक्त क्रमांक दिसतो."

"हो का? मग त्या क्रमांकाच्या रक्तात दारूशिवाय आणखी काही दिसलं?"

"थोडं ॲसिटोन होतं."

"ॲसिटोन! म्हणजे नखांचा रंग काढायला वापरतात ते?" वकिलानं मागे वळून हात पसरले. "माझ्या अशिलानं दारू पिऊन वर नखंही साफ केली म्हणायची!"

कोर्टात हशा पिकला. फक्त पुढच्या बाकावरची एक बाई हसली नाही. रखवालदाराची बायको. मांडीवर पर्स घट्ट धरून ती सीलबाईंकडे बघत होती, जणू सगळा भार आता याच बाईच्या खांद्यावर आहे. साक्ष अर्धवट राहिली, पुढची तारीख पडली.

त्या दिवसापासून जिना वैरी झाला. समोरचीनं इमारतीत घरोघर जाऊन सांगितलं, की या बाईनं सूड उगवला, कपाटापायी माझ्या पोराच्या रक्तात दारू ओतली. दाराशी केर सांडलेला असायचा. बाईंच्या घराच्या पाण्याचा व्हॉल्व्ह कुणीतरी बंद करायचं. घंटीच्या बटणात च्युइंगगम. तळमजल्यावरचा शिंपी, जो त्यांचे ब्लाउज वर्षानुवर्षं शिवत होता, म्हणाला, "हल्ली फार काम आहे." बाईंनीही हार मानली नाही. सांडलेला केर त्या झाडूनं समोरच्या दाराशी नेऊन ठेवायच्या, अगदी नीट, ढीग करून.

एका रविवारी सकाळी दार उघडलं तर त्यावर खडूनं लिहिलेलं होतं: विषारी बाई.

"बघा, बाबा," त्या म्हणाल्या, "तुमच्या लाडक्याच्या आईचं अक्षर."

बाबा खुर्चीत बसून होते. पट उघडा, समोर कुणी नाही. "पोरगा दारू पीत नाही," ते म्हणाले.

"रक्तात निघाली."

"तो पीत नाही. त्याला चालतच नाही."

"आरोपीच्या घरचे सगळे हेच म्हणतात. तुम्ही त्याच्या घरचे कधीपासून झालात?"

"जेव्हापासून तू माझ्याशी माणसासारखं बोलणं सोडलंस तेव्हापासून!" म्हातारा ताडकन म्हणाला, आणि त्याच रागाच्या भरात पुढचंही निघून गेलं. "अगं, साखरेचा आजार आहे त्याला. लहानपणापासूनचा. दिवसातून कितीदा तरी सुई टोचून घेतो. आपल्या न्हाणीघरात जाऊन टोचायचा, घरी पाहुणे असले की. आईनं शपथ घातलीय, कळलं तर मुलगी कोण देणार म्हणून. मी पण शब्द दिला होता त्याला. घे, मोडला."

बाईंच्या हातात दार पुसायचं ओलं फडकं होतं. त्यातून पाणी टपटप पायावर गळत राहिलं.

"त्या वेळी सासुरवाडीला किती दिवस होता तो?" त्यांनी विचारलं.

"दोन-तीन. दिवसभर माणसांत, झोपायला मुलीच्या भावांच्या खोलीत. तिथे कुठे काढणार सुई? नाही घेतली, असं रडत सांगितलं त्यानं मला."

ज्याला इन्सुलिन लागतं त्यानं ते दोन दिवस घेतलं नाही, तर काय होतं हे बाईंना पुस्तकातलं पान दिसावं तसं दिसलं. साखर रक्तात तुंबते, शरीर चरबी जाळायला घेतं आणि त्यातून ॲसिटोन तयार होतं. श्वासाला आंबूस गोड वास येतो, जीभ जड होते, तोल जातो. रस्त्यावरच्या पोलिसानं असा माणूस पाहिला तर तो काय म्हणेल? टाईट आहे म्हणेल. इथपर्यंत सगळं जुळत होतं. पण दारूचं टेकाड खोटं नव्हतं. दारू बाटलीत होतीच. ती आली कुठून?

सोमवारी त्यांनी थंड कपाटातून त्या क्रमांकाची बाटली काढली. पावडर तपासायला फार वेळ लागत नाही, फक्त एरवी कुणी तपासत नाही. लेबलवर लिहिलेलं असतं, तेवढ्यावर भागतं. रक्त गोठू नये म्हणून घालतात ती पावडर होती. रक्त नासू नये म्हणून घालतात ती नव्हती. कुठल्याशा दवाखान्यात योग्य बाटल्या संपल्या असतील आणि कुणीतरी दुसरीच बाटली घेऊन तिच्यावर लेबल चिकटवलं असेल. मग पेटी ठाण्याच्या कपाटावर कितीतरी दिवस उन्हाळ्यात पडून. साखरेनं भरलेलं रक्त, ऊब, आणि सुईसोबत कातडीवरून आत गेलेले यीस्टचे चार जंतू. पाव फुगतो तसं सगळं आंबलं होतं. दारू बाटलीत झाली होती.

निदान झाली असू शकत होती. बाई स्वतःवर इतक्या चिडल्या होत्या, की त्यांनी स्वतःवरही विश्वास ठेवला नाही. माणूस दारू प्यायला की त्याचं यकृत तिच्यापासून एक खास पदार्थ बनवतं. नुसत्या बाटलीत आंबलेल्या दारूत तो सापडत नाही. तो आहे की नाही हे पाहिलं की निकाल. पण बाटली कुणाची आहे हे आता त्यांना माहीत होतं. ही तपासणी आपण करायची नाही, दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेनं करायची, असं ठरवून त्या साहेबांच्या खोलीत गेल्या.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि दार लोटून आले.

"तुम्हाला वेड लागलंय का? आपला रिपोर्ट गेलाय. तुमची सही आहे."

"म्हणूनच म्हणतेय."

"उद्या प्रत्येक दारुडा उठेल आणि म्हणेल, माझ्या बाटलीत पावडर होती का बघा. आजवर गेलेल्या रिपोर्टांचं काय? लोक आपल्या तोंडावर थुंकतील."

"पावडर नसेल तर थुंकू देत."

"तुम्ही कोर्टात जायचं, विचारतील तेवढ्याचं उत्तर द्यायचं आणि गप घरी यायचं. जास्त बोललात तर या खुर्चीवर राहणार नाही, आत्ताच सांगतो." बाई निघाल्या तशी त्यांनी आणखी एक मारली. "आणि शेजाऱ्यांच्या दबावाखाली येऊ नका. दारावर काय लिहिलंय ते आमच्याही कानावर आलंय."

पुढच्या तारखेला बबड्याच्या वकिलानं पुन्हा कपाटापासून सुरुवात केली. बाईंनी त्याला मध्येच तोडलं आणि न्यायाधीशांकडे वळल्या.

"मला माझ्या रिपोर्टबद्दल सांगायचंय. आकडा बरोबर आहे. पण ती दारू या माणसानं प्यायली होती, असं मी आता सांगू शकत नाही."

सरकारी वकील असे उठले, की त्यांची खुर्ची मागे पडली. आपला साक्षीदार आपल्याच विरुद्ध बोलायला लागला, की त्याला फितूर म्हणतात. त्यांनी तो शब्द मोठ्यानं उच्चारला, फितूर जाहीर करायची परवानगी मागितली, ती मिळाली, आणि मग ते बाईंवर तुटून पडले.

"आरोपी तुमच्या घरी रोज येतो?"

"येत होता. वडिलांकडे."

"वडिलांचा लाडका आहे?"

"हो."

"घरी पाणी बंद, दारावर शिव्या. आणि अचानक तुमचं मतपरिवर्तन. किती छान योग!"

"पावडर नव्हती. बाटली इथे मागवा, कुणाकडूनही तपासून घ्या. माझ्याकडून नको."

"पावडर नाही म्हणून रक्ताची दारू होते? मग आपण सगळ्यांनीच झिंगायला हवं!"

"साखर खूप असेल तरच इतकी होते." पुढचं वाक्य बोललं की कुणाचं काय जाणार हे त्यांना कळत होतं. "ॲसिटोन होतं, ते मी मागेच सांगितलं. आरोपीला साखरेचा आजार आहे का, हे त्याला विचारावं."

"खोटं आहे!" मागच्या बाकावरून समोरची किंचाळली. "माझ्या पोराला काही झालेलं नाही! ठणठणीत आहे तो!"

तिच्या दोन बाक पुढे बसलेल्या एका गृहस्थांनी सावकाश मागे वळून पाहिलं. मुलीचे वडील. खटल्याचं काय होतंय ते पाहायला आले होते. बबड्यानं पिंजऱ्याचा गज धरला आणि मान खाली घातली.

त्याच वेळी काढलेल्या रक्ताची दुसरी सीलबंद बाटली पोलिसांच्या ताब्यात होती, ती दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेली. तीतही पावडर नव्हती, तीही आंबली होती, आणि यकृतातून येणारा तो पदार्थ त्यांना काही सापडला नाही. रिपोर्ट वाचून झाल्यावर न्यायाधीशांनी आरोपीला विचारलं, तुला काही सांगायचंय का. त्याचा वकील नकारार्थी मान हलवत होता, आई दोन्ही हातांनी नको नको करत होती. बबड्या उभा राहिला आणि बोलला.

"मी प्यायलो नव्हतो. पण सुई दोन दिवस घेतली नव्हती. सकाळी निघतानाच डोळ्यांसमोर धूसर होत होतं. एकदा गाडी बाजूला घेतली होती, पाणी प्यायलो. तिथेच थांबायला हवं होतं. थांबलो असतो तर फोन करावा लागला असता, मग सगळ्यांना कळलं असतं. म्हणून पुन्हा चालवली."

दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप गेला. तब्येत बिघडल्याचं माहीत असून गाडी चालवल्याचा राहिला. शिक्षा कमी झाली, पण झाली. त्याला थोड्या काळासाठी का होईना आत जावं लागलं. लग्न तर निकालाच्या आधीच मोडलं होतं.

कोर्टाच्या व्हरांड्यात रखवालदाराची बायको सीलबाईंच्या वाटेत उभी राहिली. बाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"काही सांगू नका मला," ती म्हणाली. "आधी म्हणालात दारू. मी वर्षभर दारूला शिव्या दिल्या. माझ्या भावानं माझ्यासाठी प्यायची सोडली. आता म्हणता दारू नव्हतीच. त्या पोरानं तोंडानं कबूल केलं, तेवढं मी ऐकलं. तुमचं मला ऐकायचं नाही." आणि ती बाजूनं निघून गेली.

समोरचीनं जिन्यात गाठलं. ती ओरडली नाही, हे जास्त वाईट होतं.

"दारुडा म्हणून आत गेला असता ना, तर बाहेर आल्यावर लोक विसरले असते. पोरं पितात, म्हणाले असते. आता जन्मभर रोगी म्हणून त्याच्याकडे बोट दाखवतील. हेच हवं होतं तुम्हाला? कपाट घ्या. घ्या तुमच्या बाजूला, घ्या सगळी जागा."

"तुम्ही त्याला उघडपणे सुई घेऊ दिली असती, तर एक माणूस जिवंत असता," सीलबाई म्हणाल्या.

बोलून झाल्यावर त्यांना जाणवलं, की हे खरं आहे आणि तरीही बोलायला नको होतं. बाई वर निघून गेल्या. माफी मागायची त्यांना सवय नव्हती, आणि त्या वेळी मनही नव्हतं.

साहेबांनी शब्द पाळला. बाईंची बदली विहिरीचं पाणी तपासायच्या विभागात झाली. तळघरात, जिथे खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त पाय दिसतात. त्यांच्या जुन्या खुर्चीवर एक मनमिळाऊ तरुण आला. पण दुसऱ्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट वरपर्यंत गेला होता, आणि हुकूम सुटला, की यापुढे चालकाच्या रक्ताच्या प्रत्येक बाटलीत आधी पावडर तपासायची. काम दुपटीनं वाढलं. सगळ्यांनी साहेबांना शिव्या दिल्या नाहीत, सीलबाईंना दिल्या. डबा खाण्याच्या खोलीत त्या आल्या की टेबल रिकामं व्हायचं. बाई टेबलाच्या मधोमध बसून सावकाश जेवायच्या.

घरी बाबांनी त्यांच्याशी बोलणं जवळजवळ टाकलं होतं. माझ्याकडून शब्द मोडून घेतलास, एवढंच एकदा म्हणाले. तुरुंगात भेटीच्या दिवशी ते काठी टेकत एकटे जायचे. एकदा त्यांचा पाय दुखत होता, तेव्हा बाई न विचारता सोबत गेल्या आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. बाबांची भेट आटोपली तशी पहाऱ्यावरच्या शिपायानं त्यांना हाक मारली. आत तुम्हाला बोलावतोय.

जाळीपलीकडे बबड्या बारीक झाला होता.

"मावशी, लोक म्हणतात तुम्ही मला सोडवलंत," तो म्हणाला. "मला तुमचा राग आहे, खरं सांगतो. आईचं तोंड बघवत नाही."

"असू दे राग."

"तुम्हाला आधीच का नाही दिसलं? ते दुसरं टेकाड?"

"दिसलं होतं," सीलबाई म्हणाल्या. "कुणी विचारलं नव्हतं."

"आणि मला माहीत होतं," तो म्हणाला. "मलाही कुणी विचारलं नव्हतं."

त्यानं आपल्याला स्वतःच्या पंक्तीला बसवलेलं बाईंना मुळीच आवडलं नाही. ओठांवर कडक उत्तर आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि विचारलं, "इथे सुई वेळेवर देतात का?"

"सकाळची देतात. संध्याकाळची विसरतात."

बाई उठल्या, सरळ जेलरच्या खोलीत गेल्या आणि त्या भल्या माणसाशी असं कडकडून भांडल्या, की बाहेर बसलेल्या बाबांनाही, कमी ऐकू येत असून, शब्दन् शब्द कळला.